जिनिंगच्या शेडमधल्या खोल्या

नसरीन,

तुला कब्रस्तानात नेलं तेव्हा आम्ही बाया घरातच राहिलो. तुझ्या अम्मींची ओढणी सारखी खांद्यावरून घसरत होती आणि ती सावरून देणं एवढंच काम मला होतं. बाहेर चपलांचे आवाज झाले, मग तेही लांब गेले. आमच्यात बाया चितेपर्यंत सोबत जातात. माझ्या बाबांच्या वेळी मी गेले होते, सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि परत येताना निदान एवढं कळलं होतं की आता संपलं. तुझ्या वेळी मला उंबऱ्याच्या आत थांबावं लागलं. पुरुष परत आले, अब्बांच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत माती लागली होती, त्यावरून मी समजून घेतलं. तेवढ्याने भागलं नाही. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी बोलतेच आहे, आणि आपलं बोलणं म्हणजे भांडणच.

ते भांडण अर्धवट राहिलं. शनिवारी फोनवर तू म्हणालीस, "सोमवारी ये, मग पाहू." सोमवारी तुझं डायलिसिस असायचं आणि त्या दिवशी मी तुझ्याजवळ बसायचे. सोमवार उजाडला तेव्हा मी तुझ्याजवळच होते, पण दिग्रसला, तुझ्या घरी, आणि तू पांढऱ्या कापडात होतीस.

तुला आठवतं, मी भेटायच्या आधी तुला माझे बाबा माहीत होते? अमरावतीच्या वसतिगृहात पहिल्याच दिवशी तू माझं आडनाव ऐकून विचारलंस, "दारव्ह्याच्या कंडक्टर काकाची पोरगी का तू?" बाबा दिग्रस-यवतमाळ एसटीवर होते आणि तू शाळेत असताना स्पर्धा-परीक्षांना त्याच गाडीने जायचीस. "तुह्या बापानं मले उभं राहून जाऊ नाही देल्लं कधी," तू म्हणालीस. मी बाबांना घरी येऊन सांगितलं, तर त्यांना तू नीट आठवलीस. लाल दप्तर, आणि सुट्टे पैसे मोजून तयार ठेवणारी मुलगी. आपली मैत्री अशी माझ्याआधीच सुरू झाली होती.

मी घरांचे नकाशे काढायला शिकले, तू कॉम्प्युटर शिकलीस. तू पुण्याला मुलाखतीला गेलीस तेव्हा तिथले लोक तुझ्या बोलण्याला हसले होते. तू कायम ‘मी जातो, मी येतो’ म्हणायचीस, आपल्याकडच्या बाया म्हणतात तसं. "मले ते म्हणे, मॅडम, तुम्ही जातो का जाते?" तू नक्कल करून दाखवलीस. "मी म्हटलं, मी चाललो." आणि तू खरंच परत आलीस. यवतमाळच्या कॉलेजात शिकवायला लागलीस, मी तिथेच एक छोटं ऑफिस टाकलं, आणि कॉलेज सुटलं की तू माझ्याकडे येऊन बसायचीस.

अशाच एका दुपारी लाइट गेलेली होती. मी एका व्यापाऱ्याच्या बंगल्याचा नकाशा घेऊन घामाघूम बसले होते. त्याला देवघर ईशान्येला हवं, स्वयंपाकघर आग्नेयेला हवं, आणि प्लॉट असा तिरपा की काही म्हणता काही बसेना.

"किती नकाशे काढले?" तू विचारलंस.

"पाच-सहा."

"मी तुले हजार काढून देतो."

मला वाटलं थट्टा करतेस. मग तू मला कॉम्प्युटरने उत्क्रांतीसारखे नकाशे वाढवायचा प्रकार समजावून सांगितलास. "आधी डोळे मिटून शंभर नकाशे काढाचे. सगळे बेकार. संडास बैठकीत, जिना विहिरीत. मग एकेकाले मार्क द्याचे. जे कमी बेकार हायेत ते ठेवाचे, बाकीचे फेकाचे. ठेवलेल्यातून दोघाचं लग्न लावाचं, अर्धा नकाशा याचा, अर्धा त्याचा. त्याइले पोरं होतीन. त्यातले पुन्हा निवडाचे. अन् मधूनच एखाद्याची एक खोली उगीचच हालवून द्याची."

"उगीच काहून?"

"नाही तर सगळे भावाभावासारखे दिसतात अन् तिथंच अडकून बसतात. निसर्ग असाच करते ना बाप्पा. कोणी नकाशा काढून माणूस बनवला का?"

"अन् मार्क कोण देणार?"

"मशीन देईन. पण मार्क कशाचे, ते तू सांगशील." तू माझ्या टेबलावरची पट्टी उचलून माझ्याकडे रोखलीस. "खरं काम तेच हाये."

मी तेव्हा हसले. तो बंगला मी हातानेच पुरा केला. पण तुझं ते वाक्य पुढे आपल्या सगळ्या भांडणांचं मूळ झालं.

त्या वर्षांत दिग्रसच्या कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. कापूस पिकत होता, पण भाव असा की गाडीभाडंही निघेना, आणि वर बोंडअळी. ज्या जिनिंगमध्ये अब्बा फिटर होते तिथली यंत्रं विकली गेली आणि नुसती शेड उरली. ती शेड एका ट्रस्टला मिळाली. तुमच्या गल्लीतले डॉक्टरसाहेब त्या ट्रस्टवर होते. त्यांना तिथे लहान दवाखाना काढायचा होता, आणि कारण एकच होतं. दरवर्षी फवारणीच्या दिवसांत कोणी ना कोणी विष अंगात जाऊन आडवं व्हायचं, त्याला जीपमध्ये टाकून यवतमाळला न्यावं लागायचं, आणि काही माणसं रस्त्यातच जायची. शेडमध्ये तपासणी, विषबाधेची खोली, बाळंतपणाची खोली, पुरुषांचा वॉर्ड, बायांचा वॉर्ड, ऑपरेशन, औषधं, भांडार, सगळं बसवायचं होतं. भिंती जुन्या, मधले लोखंडी खांब हलवता न येणारे. डॉक्टरसाहेबांनी तुला विचारलं आणि तू मला न विचारता आपल्या दोघींच्या वतीने हो म्हणालीस.

पहिल्यांदा शेड बघायला गेलो तेव्हा अब्बा सोबत आले. छताच्या लोखंडी कैच्यांना अजून रुईचे पुंजके चिकटलेले होते. अब्बा मधल्या खांबाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "इथं एवढा आवाज राहे, बेटा, का आम्ही एकमेकाचे ओठ पाहून बोलणं समजत होतो." मग त्यांना खोकला आला आणि ते बाहेर जाऊन बसले. तू त्यांच्या पाठीकडे बघत राहिलीस. मला वाटतं, तू हे काम ट्रस्टसाठी घेतलंच नव्हतंस. ज्या जागेने अब्बांना घरी पाठवलं तिथे तुला काहीतरी पुन्हा सुरू करायचं होतं.

तू शेडची हद्द मशीनला दिलीस, खांब दिलेस, खोल्यांचे आकार दिलेस. मार्क कशाचे हे आपण दोघींनी ठरवलं. फाटकातून आलेला पेशंट किती लवकर इंजेक्शनपर्यंत पोचतो, सिस्टरला किती चालावं लागतं, पाण्याची नळी किती लांब जाते, वारा कुठून येतो. तू मशीन चालू केलंस आणि पिढ्यामागून पिढ्या जायला लागल्या. सुरुवातीचे नकाशे बघून आपण पोट धरून हसलो. एकात ऑपरेशनच्या खोलीत जायला बाळंतिणीच्या पलंगावरून उडी मारावी लागत होती. मग हळूहळू खोल्या आपापल्या जागी बसू लागल्या, आणि एका दुपारी तू मला फोन करून बोलावलंस. पडद्यावर जो नकाशा होता तो मला आयुष्यात सुचला नसता. सिस्टरचं टेबल मध्ये, एका बाजूला विषबाधेची खोली, दुसऱ्या बाजूला बाळंतपणाची, दोन्हींना एकच पाणी, एकच ऑक्सिजन. विषबाधेची खोली अगदी फाटकाशी.

"पाह्य," तू म्हणालीस. एवढंच. तुझा आनंद नेहमी असा आखूड असायचा.

आणि मी म्हटलं, "बाळंतपणाची खोली इथून हलवायची."

"काहून?"

तुला काहून हे माहीत होतं. माझ्या मुलीच्या वेळी तूच तर होतीस. मी कळा देत होते आणि पलीकडच्या खोलीत एक बाई तिच्या गेलेल्या पोराला हाका मारत होती. रात्रंदिवस कळा देणारी मी एका क्षणी थांबले, मला वाटलं, नको, हे मूल बाहेर यायला नको. तू दार उघडून आत आलीस, सिस्टर ओरडत असताना आलीस, आणि माझे दोन्ही कान तुझ्या तळहातांनी झाकलेस. मुलगी झाल्यावरसुद्धा तुझे हात तिथेच होते. हे उपकार मी तुला कधी बोलून दाखवले नाहीत. आज म्हणते.

"मले समजते," तू तेव्हा म्हणालीस. "मग त्याची किंमत ठरव. रडणं ऐकू आलं तर नकाशाचे किती मार्क कापाचे, सांग. मी टाकतो."

"किंमत नाही. अट टाक. या दोन खोल्या शेजारी येणारच नाहीत."

"अशा अटी टाकत गेलं ना, सुजाता, तर एकही नकाशा जिवंत राहत नाही. सगळ्याइले काही ना काही खोट राहतेच. किंमत लावली तर निदान वाईटातून बरं निघते."

"काही गोष्टींना किंमत नसते."

"नसते म्हटलं तर मशीन शून्य समजते," तू म्हणालीस आणि पडदा बंद केलास.

तुझ्या पायांवर सूज यायला लागली ती त्याच पावसाळ्यात. तू चपला बदलल्यास, मग सैल बूट घेतलेस, मग एकदा पायऱ्या चढून माझ्या ऑफिसात आलीस आणि बोलूच शकली नाहीस. दोन्ही किडन्या गेल्या हे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अम्मी लगेच म्हणाल्या, माझी घ्या. तपासण्या झाल्या. अम्मींची चालली नाही, अब्बांची तर वयामुळे बघितलीच नाही. तू त्या दिवशी परतीच्या गाडीत मला म्हणालीस, "पाहलं? अटी." आणि खिडकीबाहेर बघत बसलीस. तुझ्या बाजूने बोलायची ती वेळ होती, पण तुझ्या बाजूने बोलायचं म्हणजे काय बोलायचं हेच मला कळलं नाही.

मग यवतमाळचं डायलिसिस सुरू झालं. मागे कलणारी खुर्ची, डाव्या हातात सुया, उजव्या हातात लॅपटॉपचा माउस. सिस्टर रागवायच्या. तुला पाणी मोजून मिळायचं, म्हणून मी थर्मासमध्ये बर्फाचे तुकडे न्यायचे आणि तू एक तुकडा तोंडात धरून कितीतरी वेळ तो पुरवायचीस. तिथून तू नकाशात एक नवीन मार्क घातलास. पेशंटला पलंगावरून काय दिसतं. "मले इथून कायमचं ते स्ट्रेचरचं दार दिसते," तू म्हणालीस. "कोणी आत येते, कोणी बाहेर जाते. आपल्या दवाखान्यात असं नको." पुढच्या नकाशांमध्ये पलंग खिडक्यांकडे वळले. एवढी चांगली गोष्ट त्या नकाशात आली ती तुझ्या त्या खुर्चीमुळे. मला तेव्हाही वाटलं, ही एवढ्या दुखण्यातून काहीतरी काढून घेते आहे. मी तुझ्या जागी असते तर भिंतीकडे तोंड करून पडले असते.

आणि मग अस्लमचा तो दिवस.

अस्लम तुझ्या खालाचा मुलगा, तुझा मावसभाऊ. मेकॅनिकचं काम नसलं की तो रोजाने फवारणीला जायचा. मी त्याला दोनदाच पाहिलं होतं, एकदा तुमच्याकडे ईदला, आणि एकदा माझी स्कूटी त्याने रस्त्यात चालू करून दिली तेव्हा. त्या दिवशी तुझं यंत्र चालू होतं, मी शेजारी होते. बाहेरच्या व्हरांड्यात धावपळ झाली, कोणाला तरी आणलं. मग थोड्या वेळाने एका बाईचा रडण्याचा आवाज आला. मी उठून दार लावायला गेले, कारण मला वाटलं तुला त्रास होईल.

"नको लावू," तू म्हणालीस. तुझा चेहरा पार उतरला होता. "खाला हाये."

तू उठायला गेलीस. सिस्टरने तुला खांद्याला धरून खाली बसवलं. सुया हातात होत्या, रक्त नळ्यांतून फिरत होतं. तू तिथूनच हाक मारलीस, "खाला! मैं इधर हूँ! खालाजान!" सगळा वॉर्ड ऐकत होता. मी पळत बाहेर गेले, त्यांना धरून आत आणलं. त्यांनी तुझ्या पायांवर डोकं ठेवलं. तू मोकळ्या हाताने त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस, आणि यंत्र आपलं चालूच होतं. फवारणीचं विष चढलेला अस्लम दिग्रसहून निघाला तेव्हा बोलत होता म्हणे. दारव्हा ओलांडल्यावर त्याचं बोलणं बंद झालं, आणि इथे पोचल्यावर तो गेला.

मला वाटलं, आता तू माझं ऐकशील. पुढच्या वेळी मी म्हटलंही, "आता कळलं ना मी अट का म्हणत होते?"

तू बर्फाचा तुकडा गालात ढकललास. "उलट कळलं मले," तू म्हणालीस. "तू दार लावाले गेलती. लावलं असतं तर? खाला तिथं एकटी रडून राह्यली असती अन् मी इथं सिनेमा पाहत बसली असती. मले मग संध्याकाळी फोनवर समजलं असतं."

"तू वेगळी. बाळंतीण वेगळी."

"बाळंतिणीचा नवराच त्या खोलीत असला तर? आपल्या गावात काय सांगता येते? आवाज कोणाचा हाये हे आधी ठरवून भिंत बांधता येत नाही, सुजाता. तू रडणं लपवाची जागा करून राह्यली."

"मी एका बाईला शांतपणे बाळंत होऊ द्यायची जागा करते आहे."

"तुले बांधाचं हाये का रडाचं हाये?"

सिस्टर मध्ये आल्या म्हणून आपण गप्प झालो. त्यानंतर कितीतरी सोमवार आपण तेच तेच बोललो. कधी तू चिडायचीस, कधी मी. आज मला वाटतं, त्या भांडणाने तुझा वेळ जायचा आणि माझाही. तुझ्या आजाराबद्दल बोलायला नको म्हणून आपण भिंतीबद्दल बोलायचो. तुला भीती वाटते का, हे मला विचारायचं होतं. दर वेळी थर्मासचं झाकण उघडताना ठरवायचे, आणि दर वेळी तू म्हणायचीस, "हं, मग काय ठरलं तुह्या बाळंतिणीचं?"

शनिवारी मी तुला फोनवर सांगितलं, डॉक्टरसाहेबांना आता नकाशा हवाच आहे, अट टाकून एकदा चालव. तू म्हणालीस, "चालवतो. पण पाहजो, तुले पस्तावा होईन." मग ते सोमवारचं. रविवारी दुपारी तुला दम लागला, पाणी छातीत चढलं होतं. अब्बांनी गाडी केली. अस्लम ज्या रस्त्याने आला त्याच रस्त्याने तुला आणत होते. दारव्ह्याच्या अलीकडे तू अम्मींच्या हातातला हात सोडलास. मी यवतमाळला दवाखान्याच्या दारात थर्मास घेऊन उभी होते आणि गाडी आलीच नाही. ती तिथूनच माघारी वळली होती.

तिसऱ्या दिवशी, जियारतला, मी पुन्हा आले. डॉक्टरसाहेब आले होते. ते अब्बांशेजारी बसले, मग मला बाजूला बोलावून म्हणाले, "एक गोष्ट तुम्हाला माहीत आहे की नाही, मला कळत नाही." त्यांनी सांगितलं ते असं. तुझं डायलिसिस सुरू झालं तेव्हाच त्यांनी तुला म्हटलं होतं, नकाशात डायलिसिसचीही एक खोली ठेव. यंत्रं आज नाहीत, पुढेमागे कोणी देईल, दिग्रसच्या माणसाला यवतमाळला जावं लागणार नाही. तू ती खोली घातलीस. चालवून पाहिलंस. डायलिसिसला पाणी फार लागतं, म्हणून ती खोली दर वेळी विहिरीच्या बाजूला, म्हणजे फाटकाशी जाऊन बसायची, आणि विषबाधेची खोली आत सरकायची. तू मार्क कमीजास्त केलेस, पुन्हा चालवलंस, पुन्हा तेच. मग तू त्यांना फोन करून सांगितलंस, ती खोली मी काढून टाकली आहे.

"मी म्हणालो, नसरीन, तुझ्यासाठीच तर म्हणतोय," डॉक्टरसाहेब म्हणाले. "तर ती म्हणाली, म्हणूनच नको. अन् सुजातेले सांगू नका."

मी तिथून उठून बाहेर आले. मला तुझा इतका राग आला, नसरीन, की रडूसुद्धा येईना. मला सांगू नका? मला? रडण्याची किंमत ठरव म्हणून माझ्या मागे लागणारी तू, तू स्वतःची काय किंमत लावलीस? माझ्या बाळंतिणीसाठी मी किती सोमवार भांडले, आणि जी खोली खरोखर भांडण्यासारखी होती ती तू एका फोनवर पुसून टाकलीस. मला ठाऊक आहे, त्या खोलीने तू वाचली नसतीस. अजून कामसुद्धा सुरू झालेलं नाही. माझं म्हणणं ते नाहीच. तू मशीनला विचारलंस, पुन्हा पुन्हा विचारलंस. मला एकदा विचारायचं होतंस.

मी कामाच्या पिशवीतून टेप आणि ओळंबा घेऊन शेडमध्ये गेले. अब्बा मागून आले. घरात माणसं होती, त्यांनाही बसवत नव्हतं बहुतेक. सरकी ठेवायची जुनी खोली तुला आठवते? आवारात, विहिरीला लागून, छत पडलेली. छत नाही म्हणून डॉक्टरसाहेबांनी ती पहिल्याच दिवशी सोडून द्या म्हटलं होतं आणि आपण मशीनला हद्द दिली ती फक्त शेडची. बिचारं हद्दीबाहेर बघणार कसं? तू त्याला शेडमध्येच जागा शोधायला लावलीस, आणि शेडमध्ये ती नव्हतीच. मी आत शिरले. भिंतींना हात लावून पाहिले, ओळंबा लावून पाहिला. भिंती चांगल्या आहेत. अब्बांनी टेपचं दुसरं टोक धरलं.

"इथं काय येईन?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. तुझ्याबद्दल, फोनबद्दल, सगळं.

"बसते का मग इथं?"

"बसते, अब्बा. आरामात बसते. वर पत्रे टाकले की झालं."

"अन् ते विषवाली खोली?"

"ती फाटकाशीच राहते. काही हलवावं लागत नाही."

त्यांनी टेपचं टोक सोडलं. ते सरसरत माझ्याकडे आलं. ते विहिरीकडे वळले. मग म्हणाले, "तिनं सांगाले पाह्यजे होतं ना, बेटा. एकदा तरी सांगाले पाह्यजे होतं."

तुझ्या वतीने मी अब्बांना आजवर कितीतरी उत्तरं दिली आहेत. तू घरी का आली नाहीस, लग्नाला नाही का म्हणालीस, पुण्याच्या मुलाखतीतून का उठून आलीस. या वेळचं उत्तर तू मला दिलंच नव्हतंस.

बाळंतपणाची खोली मी शेडच्या दुसऱ्या टोकाला नेली आहे. माझी अट मी टाकली, कारण नाही म्हणायला तू नाहीस, आणि असं जिंकणं मला नको होतं. विषबाधेच्या खोलीतल्या नातेवाइकांची बसायची जागा मात्र मी मागे लपवली नाही. ती पुढे आहे, फाटकाशी, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल आणि ऐकू येईल अशी. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला कळत नाही. कदाचित म्हणाली असतीस, हेही अर्धवटच.

अब्बा घरी गेले. मी सरकीच्या खोलीतच उभी राहून, पडक्या भिंतीवर कागद धरून ती खोली आखली. दार उत्तरेला ठेवलं, खुर्च्या खिडकीकडे वळवल्या, आणि प्रत्येक खुर्चीशेजारी सोबतच्या माणसाला बसायला एक स्टूल काढलं.